आधी तानपुरा, मग स्पीकर

स्पीकर, केबल अशा गाणी ऐकण्याच्या यंत्रांचा नाद लागलेल्यांना गाण्याचं फारसं पडलेलं नसतं, असा मुद्दा काही जण मांडतात. मला तो अर्धाच पटतो. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी इतक्या गुंतल्या आहेत की वेगळ्या काढता येत नाहीत.

एकदा सहज म्हणून स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे ओढले. भिंतीलगत असताना खालचे स्वर फुगायचे, ते आवरले. आणि नेहमीच्याच ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या मागचा तानपुरा पहिल्यांदा नीट उलगडला. तारेखालच्या दोऱ्याने खुलणारी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, आणि सगळ्यात खालच्या, खर्जाच्या तारेतून हळूच वर येणारा गंधार. त्या रात्री स्पीकर विसरून मी कितीतरी वेळ नुसता ऐकत बसलो. हे वेड यंत्राचं म्हणायचं की गाण्याचं?

पण एकच तुकडा लावून केबल बदलत बसणारेही पाहिलेत, आणि काही महिने मीही तेच केलं. गाणं तेव्हा चाचणीपुरतं उरतं, याचं वाईट वाटतं. नवीन येणाऱ्यांना कळकळीने सांगेन, आधी खोलीकडे बघा. यंत्राची फार चिंता नको: १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवरसुद्धा आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतची (सेकंदाला तेवढी कंपनं) कंपनं त्यात पकडता येतात. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणजे तेवढं त्यात व्यवस्थित मावतं. खरा फरक पडतो तो स्पीकर कुठे ठेवलेत आणि समोर उघडी फरशी आहे की जाड सतरंजी, याने.