कोपऱ्यावरचा प्लॉट: भिंत किती उंच, मेंदी कुठवर?

जाईजुई

नमस्कार मंडळी. आमचं बैठं घर कोपऱ्याच्या प्लॉटवर आहे. समोर एक रस्ता, डावीकडे दुसरा. सासऱ्यांनी दगडी खांब रोवून काटेरी तार लावली होती. ती आता गंजून हाताला लागली तरी तुटते, खांबही कलले आहेत. म्हणून समोर पक्की भिंत आणि डाव्या रस्त्याच्या कडेनं मेंदीचं कुंपण असं मनात आहे. उजवीकडे शेजारी आहेत, त्यांच्या बाजूलाही भिंतच हवी.

कंत्राटदार म्हणतो, "सगळीकडे सहा फूट भिंत घेऊन टाका, कोण विचारतंय?" मला ते पटत नाही. सासूबाई दुपारभर अंगणात बसतात, त्यामुळे आडोसा हवाच आहे. पण नियम मोडून बांधलेलं उद्या पाडायची वेळ आली तर? शिवाय गेल्या महिन्यात आमच्याच कोपऱ्यावर एक सायकलवाला मुलगा गाडीखाली येता येता वाचला. तारेवर रानवेल माजली होती. त्याला गाडी दिसली नाही आणि गाडीवाल्याला तो. मी फाटकातच उभी होते. तो ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. वेल त्याच संध्याकाळी कापली.

तर विचारायचं असं: भिंतीची उंची कुठून मोजायची? कोपऱ्याला वेगळा नियम असतो का? झाडांच्या कुंपणाला नियम लागू होतात का? आणि शेजारी म्हणतात आमचे खांब त्यांच्या हद्दीत आहेत, ते कसं सोडवायचं? आमचं अंगण भराव टाकलेलं आहे, रस्त्यापेक्षा दोन फूट उंच. त्यानं काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

ओळंबा

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे. मी तीस वर्षं बांधकाम परवानगीचे नकाशे काढले, आणि कुंपणभिंतीची बहुतेक भांडणं उंची कुठून धरायची यावरूनच झालेली पाहिली.

नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६ मध्ये कुंपणभिंत जास्तीत जास्त १.५ मीटर म्हणजे साधारण पाच फूट सांगितली आहे, आणि ती मोजायची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. तुमच्या अंगणापासून नाही. वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा गजांचे, आरपार दिसणारे असतील तर एकूण २.४ मीटरपर्यंत जाता येतं. त्यापुढे खास परवानगी लागते. बऱ्याच ठिकाणच्या नियमावलीत हेच आकडे आहेत, पण तुमच्या नियोजन प्राधिकरणाचा नियम अंतिम. तिथल्या बांधकाम विभागात जाऊन तो परिच्छेद स्वतः वाचा. कंत्राटदाराच्या तोंडून ऐकू नका.

आता हिशेब करा. रस्त्यापासून पाच फूट भिंत, त्यातले दोन फूट भरावानं खाल्ले, अंगणातून उरली तीन फूट. खुर्चीत बसलेल्या सासूबाईंचं डोकं तिच्या वरूनच दिसणार. म्हणून समोरच्या बाजूला पाच फूट भरीव आणि वर तीन फूट गज असं करा, गजांवर वेल न चढवता. वेल चढवलीत की तो भाग आरपार राहत नाही.

कोपऱ्याचा नियम वेगळा आणि जास्त कडक आहे. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट. त्यावर आणखी ०.७५ मीटर लागलंच तर तेही गजांचं. यामागचं कारण तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहेच. रस्त्यांची आखणी करताना गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात, म्हणजे चार फूट. भिंत पाच फूट असली की त्याची नजर तिथेच अडते. अडीच फूट असली तर छोट्या सायकलवरच्या पोराचं डोकं आणि खांदे दिसतात. तेवढं दिसलं तरी ब्रेक वेळेवर लागतो.

आणि भराव आहे म्हणून एक कळकळीची सूचना. दोन फूट माती टेकलेली भिंत ही नुसती कुंपणभिंत राहत नाही, ती माती अडवणारी भिंत होते. साडेचार इंची विटेची बांधलीत तर एका पावसाळ्यात पोट फुगून बाहेर येईल. निदान नऊ इंची घ्या आणि जाडी-पाया इंजिनिअरकडून ठरवून घ्या. मातीच्या पातळीत दर पाच-सहा फुटांवर पाणी निघायला भोकं ठेवा, त्यांच्या मागे खडी भरा. ओली माती भिंतीला किती रेटते ते फुगलेली भिंत पाहिल्याशिवाय कळत नाही. फाटक आत उघडणारं ठेवा.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर वाद घालू नका, भूमी अभिलेखकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या. मोजणीच्या दिवशी त्यांना शेजारी उभं करा. खुणा दोघांच्या देखत ठोकल्या जाऊ देत. आणि पाया भिंतीपेक्षा रुंद असतो हे विसरू नका. भिंत हद्दीला चिकटवलीत तर पाया पलीकडे जातो. एक तर भिंत थोडी आत घ्या, नाही तर सामाईक भिंत म्हणून दोघांनी सही करून लिहून ठेवा.

हिरवळ

ओळंबाकाकांच्या आकड्यांत मेंदी बसवून पाहा. कोपऱ्यात अंगण आधीच दोन फूट वर आहे. तिथे तीन फुटांची मेंदी म्हणजे रस्त्यावरून पाच फुटांचा हिरवा पडदा! कागदावर भिंत अडीच फूट राहील, पण दिसणार काहीच नाही. गाडीवाल्याला पुढचं वीट अडवते की पान, याला काय अर्थ आहे? म्हणून त्या दहा मीटरमध्ये मेंदी लावूच नका. जमिनीलगत पसरणारं काही लावा. पुढे डाव्या रस्त्याला खुशाल मेंदी घ्या.

माझी स्वतःची चूक सांगते. मी मेंदी हद्दीच्या अगदी कडेला लावली होती. पहिली दोन वर्षं छान दिसली, तिसऱ्या वर्षी अर्धी पदपथावर. चालणारी माणसं रस्त्यावर उतरून जायला लागली. रोज सकाळी एक आजोबा काठी टेकत माझ्या कुंपणाला वळसा घालून रस्त्यावरून जायचे. ते पाहिलं आणि त्या बाजूची निम्मी मेंदी खोडापर्यंत उतरवली. आतल्या काटक्या उघड्या पडल्या, भरायला वर्ष गेलं. आता नवीन रांग हद्दीपासून अडीच फूट आत आहे, आणि बाहेरची बाजू मला आपल्याच जागेत उभं राहून कापता येते.

कापताना खाली रुंद, वर निमुळती ठेवा. वर रुंद झाली की बुडाला ऊन पोचत नाही, खालची पानं झडतात आणि कुंपण असून कुत्री सरळ आत येतात. कण्हेर मात्र लावू नका. फुलं सुंदर असतात, पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि रस्त्याकडेला पोरं, गुरं कशालाही तोंड लावतात.

दूरचापक्षी

मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून इकडचं थोडक्यात. घराचं कुंपण किंवा भिंत दोन मीटरपर्यंत परवानगीशिवाय चालते, पण वाहनांच्या रस्त्यालगत असेल तर एकच मीटर. म्हणजे रस्त्याची बाजू इकडेही ठेंगणीच. सदाहरित झाडांच्या उंच कुंपणांवरून शेजाऱ्यांची इतकी भांडणं झाली की २००३ च्या कायद्यात त्यासाठी वेगळा भाग घालावा लागला. दोन मीटरपेक्षा उंच कुंपणामुळे शेजाऱ्याचा उजेड अडत असेल तर तो स्थानिक परिषदेकडे तक्रार करू शकतो. परिषद मात्र आधी विचारते, तुम्ही एकमेकांशी बोलून पाहिलंत का? तो प्रयत्न केलेला नसेल तर तक्रार नाकारू शकते. जाईजुई, तुमचे शेजारी निदान बोलतायत, ही मोठी गोष्ट आहे.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मोजणीची वाट पाहत होते. ती काल झाली.

आधी कोपऱ्याचं. बांधकाम विभागात जाऊन नियम वाचला. आकडे काकांनी सांगितले तेच निघाले. मग मी आणि मुलीनं अडीच फुटांवर एक दोरी आणि पाच फुटांवर दुसरी अशा दोन दोऱ्या बांधल्या, पाच फुटांच्या दोरीवर जुनी चादर टाकली. मुलगी सायकल घेऊन पलीकडे गेली, मी गाडीत बसले. चादर होती तोवर मला नुसती घंटी ऐकू येत होती. चादर काढली आणि तिच्या दोन वेण्या दिसल्या. कंत्राटदाराला तिथेच बोलावून हे दाखवलं. सहा फुटांची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

आता हद्द. पुढच्या टोकाला आमचे खांब शेजाऱ्यांच्या जागेत वीतभर आहेत, ते म्हणत होते ते खरं होतं. मागच्या टोकाला उलट आम्हीच हातभर आत होतो. दोघांनीही मुकाट्यानं खुणा मान्य केल्या. पण मधली खूण नेमकी जुन्या जांभळाच्या बुंध्यावर आली! झाड कोणी लावलं ते दोन्ही घरांत कुणाला आठवत नाही. पाया खणला तर मुळं तुटणार. काका, इथे काय करू?

ओळंबा

पाया तिथे खणूच नका. बुंध्यापासून दोन्हीकडे निदान पाच-सहा फूट आधी भिंत थांबवा, मुळं किती पसरलीत ते पाहून जास्तही सोडा. मधल्या जागेत बारीक लोखंडी खांबांवर जाळी लावा. खांबाचे खड्डे हातानं खणा, जाड मूळ लागलं की खड्डा सरकवा. जाळी बुंध्याला खिळ्यांनी ठोकू नका, झाड जाड होत जाईल तसं ते लोखंड गिळून टाकतं. आणि झाड दोघांचं आहे, विचारल्याशिवाय फांदी कुणी तोडायची नाही, एवढं त्या सामाईक कागदात लिहून घ्या.

जाईजुई

शेजाऱ्यांना दाखवलं. त्यांनी कागदावर आणखी एक ओळ घालायला सांगितली: जाळीत एक छोटं दार ठेवायचं. त्यांच्या आई आणि आमच्या सासूबाई इतकी वर्षं तारेखालून वाकून एकमेकींकडे जात होत्या, हे आम्हाला कालच कळलं. दाराची रुंदी अडीच फूट ठरली आहे. खांब सोमवारी येतायत.