वर्किंग हॉलिडे व्हिसा आणि पोटखराबा : तुमचेही अनुभव सांगा

सड्यावरचा
परवा भाचा जुलैचा बॅलट भरायला आमच्याकडे आला. ब्रिटनच्या त्या यंग प्रोफेशनल्स व्हिसाच्या सोडतीचा. त्यांच्या वाडीत पाऊस लागला की रेंज गुडुप. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आंब्याच्या एका ठराविक कलमाखाली तेवढ्या दोन काड्या येतात. मी छत्री धरून उभा, तो उकिडवा बसून फोनवर टाइप करतोय. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा फोटो, ईमेल. झालं! फी नाही, कागद नाहीत. "मामा, आता लॉटरी. लागली तर पुढचं."

मला एकदम माझी 2004 ची फाईल आठवली. तेव्हा ब्रिटनची वर्किंग हॉलिडेमेकर म्हणून योजना होती, राष्ट्रकुलातल्या तरुणांसाठी. दोन वर्षं राहा, फिरा, काम करा. वयाची अट आधी 27 होती, 2003 च्या ऑगस्टात 30 केली. मी 28 चा. नियम माझ्यासाठीच बदललाय असं मी धरून चाललो.

गाडी अडली ती एकाच प्रश्नावर. परत येणार कशावरून? लग्न नाही, नोकरी कॅनिंगमधली, तीही हंगामी. अण्णा म्हणाले, बाग दाखव. सातबारा काढला. सामायिक. एकोणीस नावं, त्यातले सहा मयत, आणि एक आत्या, जिचा पत्ता कुणालाच माहीत नाही. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडून इंग्रजी करून घेतलं. त्याने 'पोटखराबा'चं, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं, केलं 'स्टमक ट्रबल'. मी न वाचता शिक्का मारून घेतला आणि रात्रीची गाडी पकडली.

मुलाखतीला बाई होत्या. कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, जमिनीला हे काय झालंय? मी म्हटलं, कातळ आहे मॅडम. मग म्हणाल्या, या एकोणिसात तुम्ही कोण? मी नव्हतोच. अण्णा होते, सतरावे.

नाकारला. 2008 ला योजनाच बंद झाली. नकाराचा कागद अजून आहे, पोटखराबाही आहे.

लिहा तुमचं, कुठल्याही देशाचं. भाच्याला वाचून दाखवीन.

तिरफळ
स्टमक ट्रबल!! ऑफिसात बसून हसतेय, साहेब बघतायत. आमच्या सातबाऱ्यावर बत्तीस आहेत, त्यातले चार एकाच नावाचे.

चिपळूणची_माई
बॅलट फुकट आहे म्हणून हुरळू नका, खरी मजा नंबर लागल्यावर. पदवी हवी ते ठीक, पण 2530 पौंड स्वतःच्या खात्यात सलग 28 दिवस दिसले पाहिजेत. मधे एक दिवस जरी खाली गेलं तरी मोजणी पहिल्यापासून. मी बाबा, काका आणि माझे थोडे असे करून अडीच लाखांच्या वर नेले. एकविसाव्या दिवशी आईने माझं एटीएम नेऊन चिऱ्याच्या गाडीचे बारा हजार दिले. गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, काम चालू होतं. "तुझ्या खात्यात एवढे नुसते पडलेत ना!" परत एकपासून. अर्जाला 90 दिवस असतात म्हणून वाचले, नाहीतर तो गडगा मला फार महागात पडला असता.
आणि आरोग्याचे वर्षाला 776 पौंड, दोन वर्षांचे एकदम भरायचे. तेव्हा काकाला दुसऱ्यांदा फोन.
आता लीड्सला आहे. व्हिडिओ कॉल केला की आई आधी गडगा दाखवते.

सड्यावरचा
गडगा दाखवणारच. तुझ्याच पैशाचा.

वेंगुर्लेकर_भाऊ
टीबीचा एक्सरे विसरू नका रे. ब्रिटनला सहा महिन्यांवर जायचं तर लागतोच, आणि त्यांनी ठरवून दिलेल्या ठिकाणीच. आमची ही भाचीला घेऊन कोकणकन्येने गेली, पहाटे उतरून दादरला मावशीकडे आंघोळ, मग नंबर. पावसात खोकला तर सगळ्यांनाच असतो. पोर अख्ख्या वाटेत खोकला दाबून बसली, जसं काही गाडीतच तपासणार आहेत. क्लिअर आला.

कलमवाला_देवगड
माझा ऑस्ट्रेलियाचा. ऑक्टोबर 2024 चा पहिलाच बॅलट, भारताला 1000 जागा. 25 डॉलर फी. 1 तारखेला पहाटे उठून भरला, जणू पहिल्या हजारात यायचंय. नंतर कळलं की महिनाभर उघडा होता, नंबर कसाही लागतो. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजार अर्ज. पॅनकार्ड लागतं, त्यावर माझ्या नावात बाबांचं नाव, पासपोर्टवर एका अक्षराचा फरक. त्या अक्षराने महिनाभर झोप नाही.
लागला!
कॉलेजची दोन वर्षं तरी झालेली हवीत, इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएसला सरासरी 4.5 पुरतं, घाबरू नका), खात्यात 5000 डॉलर आणि वर येण्याजाण्याचं भाडं. घरी सांगितलं, कॅथरीन नावाच्या गावात आंबे काढायचं काम मिळतंय. बाबा जेवता जेवता थांबले. "आंबे काढूक आस्ट्रेलियाक जातंस? मगे हंयले कोण काढतलो?"
हंयले, म्हणजे इथले, नेपाळहून आलेले काढतात, हे दोघांनाही माहीत होतं. कोण काय बोललं नाय.

तिरफळ
अरे पुढे?? काढलेस का आंबे?

कलमवाला_देवगड
काढले की. गाडी चालवत होतो, सॉरी.
केन्सिंग्टन प्राइड म्हणून जात. आपल्या झेल्याने, काठीच्या जाळीने, काढतो तसं एकेक नाही. लांब पंखांची एक गाडी झाडाला भिडते, त्यावर उभं राहून तोडायचं. देठ मोडला की फळ लगेच साबणासारख्या पाण्याखाली, चीक सालीवर उतरता नये म्हणून. उतरला की काळा डाग, फळ बाद. आपण देठ ठेवून काढतो ना, चार बोटं, तिथे ती भानगडच नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने देठ ठेवले, शिव्या खाल्ल्या.
चीक मात्र तोच. जर्मनीची दोन पोरं होती, तिसऱ्या दिवशी हात असे फोडाफोडांचे. मी खोबरेल चोपडून लांब बाह्यांचा शर्ट. सुपरवायझरने विचारलं, आधी केलंयस हे काम? म्हटलं, पंधरा वर्षं. किती मिळायचे? म्हटलं, जेवण.

सड्यावरचा
बाबांना पगाराचा आकडा सांगितलास का?

कलमवाला_देवगड
सांगितला. म्हणाले, मग हंयल्यांक पण तेवढो दी.

कुणाचीतरी_आई
नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या मुलाकडून तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाने पस्तीस हजार घेतले, बॅलटमध्ये नाव काढून देतो म्हणून. नाव आलं नाही, आता फोन उचलत नाही. काजूच्या बियांचे पैसे होते. पोरगा दोन आठवडे नीट जेवत नाही.

चिपळूणची_माई
काकू, नाव कॉम्प्युटर काढतो, कुणाची ओळख चालत नाही. पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, जे असेल ते घेऊन पोलीस ठाण्यात जा. आणि त्याला सांगा, पुढच्या वेळी स्वतः भर, मी फोनवर बसते त्याच्यासोबत. खरंच.

वेंगुर्लेकर_भाऊ
काकू, त्याला आधी पेज आणि सुकं बांगड्याचं द्या. जेवतो की नाही बघू.

तिरफळ
सुक्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियात सोडे (सुकी कोलंबी) नेता येतात का? नणंद चाललीय. आणि कोकमाचं आगळ?

कलमवाला_देवगड
विमानात कार्ड देतात त्यावर खायचं जे जे नेताय ते सगळं लिहा. लिहिलं की बघून ठरवतात, फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं की दंड. माझे तर बुटांचे तळवे उलटे करून बघितले, माती आहे का. आईने आदल्या रात्री नारळाच्या काथ्याने घासून दिले होते.

तिरफळ
म्हणजे सोडे इथेच खाऊन जायचे. कळवते.

परळचा_चाकरमानी
धागा वेगळा आहे माहित्ये, पण गणपतीला गावी जायचं रेल्वेचं तिकीट कुणाला मिळालं का? 60 दिवस आधी, आठच्या ठोक्याला बसलो, तीन मिनिटांत रिग्रेट. यापेक्षा लंडनचा नंबर लागेल.

वेंगुर्लेकर_भाऊ
एसटीची ग्रुप बुकिंग बघ. आमच्या चाळीतून दोन गाड्या सुटतायत, वैभववाडीमार्गे. मेसेज कर.

परळचा_चाकरमानी
केला.

तिरफळ
सड्यावरचे, भाच्याचं काय झालं? दोन आठवडे झाले ना.

सड्यावरचा
काल मेल आली, त्याच कलमाखाली वाचली. नाही लागला. फेब्रुवारीत परत भरतो म्हणतोय. तेव्हा पाऊस नसेल, छत्री नको धरायला.

कलमवाला_देवगड
फेब्रुवारीत फवारणी चालू असेल. तोंडाला फडकं बांधून बसा दोघे.