येरळवाडी-मायणीच्या नोंदी व्हॉट्सॲपवरून ईबर्डवर न्यायच्या कशा?

खटावकर:
साताऱ्यातल्या येरळवाडी, मायणीच्या तलावांवरचे पक्ष्यांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पडतात. पण पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे पक्षी कुठल्या तारखेला उतरले, किती होते, हे महिन्याभरानं शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही. ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप वापरायचं म्हटलं तर पाण्याकाठी रेंज नसते. काय करावं?

कृष्णाकाठ:
ईबर्डला रेंजची गरज नाही. आपल्या भागाचं पॅक (तिथल्या पक्ष्यांची यादी) घरीच उतरवून ठेवा, जीपीएस नेटशिवाय चालतं. दिसलेल्या पक्ष्यांची यादी नंतर पाठवा.

तलावावर पोचल्यावर यादी सुरू करा आणि निघताना आठवणीनं थांबवा. नाहीतर परतीचा एसटीचा प्रवासही अंतरात मोजला जातो. आल्या वाटेनंच परतलात तर अंतर एकदाच धरायचं. ॲप दोन्ही वेळा मोजतं, हातानं कमी करा. दोन तलावांच्या दोन याद्या.

शेवटी विचारतात, ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का? साळुंकी, कावळेसुद्धा लिहिले असतील तरच 'हो' म्हणा. एखादा पक्षी तिथं दिसला नाही, हे पूर्ण यादीवरूनच कळतं, आणि अभ्यासाला तेही लागतं.

मोठ्या थव्यात दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा नजरेत धरा, असे तुकडे किती बसतात ते पाहा. आकड्याऐवजी 'एक्स' (पक्षी होता, पण मोजला नाही) टाकणं अगदीच नाइलाज असेल तर. आकडा नेहमीपेक्षा मोठा दिसला की ॲप खुलासा मागतं. कसा मोजला ते एका ओळीत लिहा.

माणदेशी:
ग्रुपवरून उतरवलेला फोटो यादीला जोडू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, आतली तारीख-जागाही गळते. मूळ फाइल हवी, पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून. आणि ज्यानं काढला त्यानंच चढवावा.

मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपनं आवाजावरून सुचवलेलं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नये. कोतवाल पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, तिथं माणूसही फसतो.

खटावकर:
आणि वहीतल्या जुन्या नोंदी?

कृष्णाकाठ:
चालतात. तारीख, जागा पक्की हवी. वेळ आठवत नसेल तर 'हिस्टॉरिकल' प्रकार निवडा, अंदाजानं वेळ ठोकू नका.

माणदेशी:
घरट्याचं मात्र लोकेशन कुठंच नको, ग्रुपवर तर नाहीच. काही संवेदनशील जातींची जागा ईबर्ड आपणहून झाकतं, सगळ्यांची नाही. धाविक पक्षी उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालतो. फोटोवाल्यांच्या पायाखाली जायला कितीसा वेळ? अशी यादी लपवून ठेवता येते, पिल्लं उडाल्यावर उघडी करा.