मुंबईत गावठाणातल्या घराची कौलं काढून पत्रे टाकायचेत, परमिशन लागते का?

गळकं_घर
नमस्कार मंडळी. पूर्व उपनगरात गावठाणात आमचं पणजोबांच्या वेळचं बैठं घर आहे, मंगलोरी कौलं, सागवानी वासे. दर मे महिन्यात शाकारणी करतो पण आता छपरावर चढणारी माणसंच मिळत नाहीत, आणि मिळालाच एखादा तर एक कौल बदलताना पायाखाली चार फोडून येतो 😀 गेल्या पावसात स्वयंपाकघरात तीन बादल्या लावल्या होत्या. म्हटलं एकदाच काय ते कलरचे पत्रे टाकून मोकळं व्हावं. फॅब्रिकेटर म्हणतो चार दिवसांचं काम, परमिशनबिरमिशन कशाला, रिपेरिंगच तर आहे. शेजारचे काका म्हणतात लागते. खरं काय?

निवृत्त_ओव्हरसियर
काका बरोबर आहेत. मुंबई महापालिका कायदा १८८८, कलम ३४२ वाचा. किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही, पण किरकोळ म्हणजे काय त्याची यादीच तिथे दिली आहे. प्लास्टर, रंग, लादी, नळ-ड्रेनेज, आणि छप्पर बदलणं, पण *त्याच मटेरियलचं*. कौल काढून कौल घातलं तर सूट. कौल काढून पत्रा घातला, किंवा उतरतं छप्पर काढून सपाट केलं, की सूट संपली, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. लांबी-रुंदी-उंची बदलली तरीही तेच. फॅब्रिकेटरला काय, पैसे घेऊन तो जाईल, नोटीस घरमालकाच्या नावाने येते.

चाळकरी७२
+१. आमच्या भाऊजींनी पत्रे टाकताना "थोडी हवा खेळेल" म्हणून भिंत दीड फूट वर घेतली, आत पोटमाळा करायचा बेत होता हे काय लपतं का, शेजाऱ्यानेच तक्रार केली आणि त्याच कायद्याच्या कलम ३५४अ ची स्टॉप वर्क (काम थांबवा) नोटीस दारावर. अर्धं छप्पर उघडं आणि जून तोंडावर. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, उंचीला टेप लावून. आणि जुने असेसमेंटचे कागद, लाइट बिल, प्रॉपर्टी कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. राहत्या घरांना पालिका जुनं बांधकाम म्हणून धरते ती तारीख १९६४ ची आहे, घर त्याआधीचं आहे हे दाखवता आलं तर निम्मं टेन्शन जातं.

दापोलीवाला
कायद्याचं मला माहीत नाही, पण पत्र्याच्या फार प्रेमात पडू नका. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे पत्रे पतंगासारखे उडाले. कौलं पण गेली, पण ती निदान परत एकेक करून लावता आली. शिवाय मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून बघा एकदा.

गळकं_घर
बापरे, बरं झालं विचारलं. मग कौलं तशीच ठेवून खालून पत्रा मारला तर? कोकणात बऱ्याच घरांना बघितलंय.

निवृत्त_ओव्हरसियर
वरून कौलच दिसेल, पण "दिसत नाही" म्हणजे "चालतं" असं नाही. लायसन्स्ड सर्व्हेअरला घर दाखवा आणि वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी "करा हो" वर जाऊ नका, तो साहेब बदलून जातो. वासे कुजले असतील तर तेही अर्जात लिहा.

गळकं_घर
दोन वासे गेलेत खरे, भिंतीत बसतात तिथे. उद्या सर्व्हेअरला बोलावतो, तोवर पत्रे कॅन्सल. पाडलेल्या घरांची जुनी मंगलोरी कौलं मुंबईत कुठे मिळतात कोणाला माहितीये का? साधारण चारशे तरी लागतील.