डीआरएल लागत नाहीत, मॉड्यूल बदलायलाच हवं का?

प्रेषक: प्रज्ञा (ब्रॅम्प्टन)

नमस्कार मंडळी,

आमच्या गाडीचे दिवसा लागणारे दिवे (डीआरएल) बंद पडलेत. शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं, आत बसून काय दिसणार! जपानी सेडान आहे, २००७ची, इथेच कॅनडात घेतलेली. रात्री हेडलाइट व्यवस्थित लागतात, म्हणजे बल्ब ठीकच असणार. घराजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "मॉड्यूल गेलं" (म्हणजे हे दिवे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असं सांगून टाकलं आणि जो आकडा काढला तेवढी आता गाडीचीच किंमत राहिलेली नाही. कुणाला असा अनुभव आहे का? बर्फ पडायच्या आत उरकायचंय.

प्रज्ञा

---

प्रेषक: नितीन (बफलो)

प्रज्ञाताई, आमच्याकडे अमेरिकेत हे दिवे सक्तीचे नाहीतच. कशाला डोक्याला ताप? हेडलाइट लावून चालवा की दिवसा.

---

प्रेषक: दिलीप (स्कारबरो)

प्रज्ञा, एवढ्यात मॉड्यूलला पैसे घालू नकोस. आज अंधार पडला की गाडी गॅरेजच्या दारासमोर उभी कर आणि हाय बीम लाव. दारावर दोन्ही बाजूंचा झोत सारखा पडतो का बघ.

तू रात्री बघतेस तो लो बीम. शहरात हाय बीम लावायची वेळच येत नाही, त्यामुळे तो कधी गेला ते कळतही नाही. आणि त्या सुमाराच्या बऱ्याच गाड्यांत डीआरएलसाठी वेगळा दिवा नसतोच. हाय बीमचेच दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून मंद पेटवतात. बॅटरीचे १२ व्होल्ट दोघांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६. म्हणून तर तो उजेड पिवळट दिसतो. आता एका बल्बची तार तुटली की सगळं सर्किटच तुटलं, दुसरा बल्ब धडधाकट असून लागणार नाही. जुन्या दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी ओळ जायची, तसंच. दोन्ही दिवे एकदम गेले म्हणून गॅरेजवाल्याला मॉड्यूल सुचलं असेल. अशा जोडणीत पहिला संशय बल्बवरच घ्यायचा.

हाय बीम दोन्हीकडे लागला, तर हँडब्रेक. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू होऊन हँडब्रेक पूर्ण खाली आल्याशिवाय डीआरएल लागत नाहीत. दांड्याखाली छोटा स्विच असतो, तो गंजून अडकला की गाडी समजते ब्रेक ओढलेलाच आहे. तसं असेल तर डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा विझत नाही. मात्र तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो, म्हणून तो दिसला तर आधी ऑइलची पातळी बघायची, डीआरएल नंतर. काही गाड्यांत गिअर पी-मध्ये असेपर्यंतही हे दिवे बंद राहतात. ते तपासताना पाय ब्रेकवर हवा आणि बघणारा माणूस गाडीच्या बाजूला उभा, समोर नाही.

मग फ्यूज. नुसता बघून फसायला होतं, त्याच अँपिअरचा दुसरा घालून बघावा. रिलेचंही (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) तेच. हॉर्नचा रिले बहुधा त्याच जातीचा असतो, वरचा नंबर जुळला तर क्षणभर अदलाबदल करून बघता येते. इतकं सगळं ठीक निघालं तरच मॉड्यूल.

नितीन, हेडलाइट लावून चालव हे तू बरोबर सांगितलंस, दुरुस्ती होईपर्यंत तिने तेच करावं. पण "कशाला ताप" म्हणू नकोस. १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या आणि कॅनडात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे आहेत. उलट माझी तक्रार वेगळीच आहे. समोर उजेड दिसतो म्हणून लोक ४०१ हायवेवर धुक्यात, बर्फात तसेच जातात, आणि जुन्या गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्याला गाडी दिसतच नाही! सप्टेंबर २०२१पासून नव्या गाड्यांसाठी यावर नियम आला, जुन्यांना बटण हातानेच फिरवावं लागतं.

दिलीप

---

प्रेषक: सीमा (मिसिसागा)

आमच्याकडे उलटा प्रकार. भर दुपारी पूर्ण हेडलाइट लागायचे आणि डॅशबोर्डचे आकडे मंद व्हायचे. डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा नेमके उजेडाच्या सेन्सरवर बसलेले. गाडीला वाटायचं रात्र आहे. बाप्पांना चार बोटं सरकवलं 😀

---

प्रेषक: नितीन (बफलो)

काका, मागे घेतो. पण मग माझा मेहुणा इथली गाडी घेऊन ओटावाला शिफ्ट होतोय, त्याचं काय?

---

प्रेषक: दिलीप (स्कारबरो)

गाडी १५ वर्षांच्या आतली असेल तर ती रजिस्ट्रार ऑफ इम्पोर्टेड व्हेइकल्सच्या तपासणीतून जाते, आणि त्यात डीआरएल बघतात. ४५ दिवसांची मुदत असते. बऱ्याच गाड्यांत डीलर सेटिंग बदलून ते चालू करून देतो, काहींत वेगळं किट बसवावं लागतं. सीमेवर येण्याआधी डीलरला फोन करायला सांग.

---

प्रेषक: प्रज्ञा (ब्रॅम्प्टन)

काका, ड्रायव्हरच्या बाजूला काळोख! हाय बीम एकीकडेच लागतोय. बल्ब आणायला निघालेय. दुकानाच्या साइटवर त्याच मापाचे एलईडी दिसतायत, जास्त टिकतील ना?

---

प्रेषक: दिलीप (स्कारबरो)

एलईडी नको. अर्ध्या व्होल्टेजवर ते लुकलुकतात किंवा लागतच नाहीत, मग पुन्हा मेल करशील. मूळचा हॅलोजनच घे, नंबर मॅन्युअलमध्ये सापडेल. घेतेस तर जोडीच घे, दुसराही तितकाच जुना आहे. काचेला बोट लावू नकोस, हाताचं तेल लागलं की तिथेच तापून काच जाते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसून घे. सॉकेटची पिनही बघून ठेव, हिरवट किंवा जळकी दिसली तर नवा बल्बही फार दिवस काढणार नाही.

---

प्रेषक: प्रज्ञा (ब्रॅम्प्टन)

लागले! पिन स्वच्छ होत्या. काढलेल्यातला चालू बल्ब डिकीत ठेवलाय, कुणाला त्याच मापाचा हवा असेल तर रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन येते.