मदत हवी आहे: इराणवरचं पुस्तक स्वतः छापतोय, प्रूफमध्ये जोडाक्षरं फुटली आहेत

सागरवाट
पुस्तक लिहून तयार आहे. गणपतीला मुंबईची माणसं गावात येतात, त्याआधी ते हातात हवंय. प्रेसवाल्याने प्रूफ दिलं त्यात जोडाक्षरं फुटलीत, वेलांट्या भलत्याच अक्षरावर. तो म्हणतो फाइल खराब आहे. माझ्याकडे तर नीट दिसते! आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) कुठे मिळतो, प्रती किती काढायच्या, तेही सांगा. प्रकाशकांचे पत्ते कृपया देऊ नका. युद्ध, अणुबॉम्ब असं काही असेल तर बघू, हेच ऐकलंय सगळ्या प्रकाशकांकडून. माझ्या पुस्तकात यझ्दच्या मातीच्या गल्ल्या आहेत, वाळवंटाखालून पाणी आणणारे कनात आहेत, शिराझला हाफिझच्या कबरीपाशी त्याची गझल उघडून कौल लावणारी पोरं आहेत. जरा लवकर सांगा.

जुना_कंपोझिटर
टाइप कशात केलंय? युनिकोड (मोबाइलवर चालतं ते) की श्रीलिपी (जुनी फॉन्ट-पद्धत)? प्रेसवाला फाइल कशात उघडतो? पानं किती, फोटो रंगीत आहेत का? यातलं काहीच लिहिलं नाहीत, तर काय सांगणार?

सागरवाट
मोबाइलवर गुगल डॉक्समध्ये टाइप केलं, वर्ड फाइल करून पाठवली. तो कशात उघडतो ते मी कशाला विचारू? फोटो आहेत, रंगीत.

नाखवा७२
कुडाळाक येवा. मेवण्याचो प्रेस आसा, लग्नपत्रिका, बिलबुकां सगळा छापता.

जुना_कंपोझिटर
म्हणजे युनिकोड. तो पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, पेजमेकरमध्ये ओततोय, त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही. त्याच्याकडे इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर असेल तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा, अक्षरं जागच्या जागी बसतात. त्याहून बरं, पानं तुम्हीच लावा. लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पान 5.5 × 8.5 इंच म्हणजे डेमी, बांधणीकडचा समास जास्त ठेवा, फॉन्ट आयआयटी मुंबईचा 'शोभिका' घ्या, तोही फुकट. फॉन्ट फाइलमध्येच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ द्या आणि यात काही बदलू नका म्हणून बजावा.

रफार
मी असहमत. तालुक्याच्या गावात प्रेसवाले युनिकोडला हात लावत नाहीत. कन्व्हर्टरने श्रीलिपीत करून द्या, विषय संपला.

जुना_कंपोझिटर
संपत नाही, तिथेच सुरू होतो. कन्व्हर्टरनंतर 'दर्‍या'चा 'दर्या' होतो, अवतरणचिन्हं उडतात. अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. तयार पीडीएफ छापायला युनिकोड यावं लागत नाही.

किंडलवाला
छापताच कशाला? किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येतं, पैसे पडत नाहीत.

सागरवाट
माझा वाचक वाचनालयात येतो, किंडलवर नाही. आमच्याकडे घराघरातून कोणीतरी दुबई-मस्कतला आहे, पण समोरच्या किनाऱ्यावरच्या इराणबद्दल टीव्हीवर दिसतं तेवढंच माहीत. म्हणून कागदावरच हवंय.

ग्रंथपाल_ताई
आयएसबीएन राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, विनामूल्य. लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याचे पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. पुढे ई-पुस्तक काढलंत तर त्याला वेगळा क्रमांक लागेल. आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापता तेव्हा प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे हे काम तुमचंच.

भटक्या_चिपळूण
इराणला आपलं बँकेचं कार्ड चालतं का हो? पुढच्या वर्षी जायचा विचार आहे.

सागरवाट
नाही. निर्बंधांमुळे बाहेरची कार्डं चालत नाहीत. रोख डॉलर-युरो न्यायचे, तिथे बदलायचे. दुकानात भाव तोमानमध्ये सांगतात, 1 तोमान म्हणजे 10 रियाल. पण इथे माझं पुस्तक अडलंय, प्रवासाचं वेगळं विचारा.

ग्रंथपाल_ताई
फोटोंत माणसं आहेत का? घरातली?

सागरवाट
मुखपृष्ठावरच आहेत. इस्फहानला ज्यांच्याकडे राहिलो ते कुटुंब, सोफ्र्याभोवती, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाभोवती, जेवायला बसलेलं. परवानगी घेतली होती.

ग्रंथपाल_ताई
बायकांच्या डोक्यावर रुमाल आहे?

सागरवाट
घरात कशाला असेल?

ग्रंथपाल_ताई
मग तो फोटो घेऊ नका, भाऊ. 2022 मध्ये महसा अमिनी या तरुणीला तिथल्या पोलिसांनी धरलं ते याच रुमालावरून, कोठडीत ती कोसळली आणि दगावली. फोटो काढायला हो म्हटलं, म्हणजे पुस्तकावर छापायला हो म्हटलं असं होत नाही. पुस्तक मराठी असलं तरी मुखपृष्ठ मोबाइलवरून कुठेही जातं. नावं बदला, गल्ली-मोहल्ला ओळखू येईल असं काही ठेवू नका.

रफार
म्हणजे टीव्हीवर दिसतं ते खरंच निघालं की! आणि पुस्तकात सगळं गोड गोड?

सागरवाट
गोड काहीच केलेलं नाही. सक्ती आहे, भीती आहे, महागाईने लोक पिचलेत, सगळं लिहिलंय, आणि ते मला त्या घरातल्या माणसांनीच सांगितलं. तिथलं सरकार आणि तिथली माणसं लोकांनी एकच धरू नयेत, एवढ्यासाठी हे पुस्तक. ताई, फोटो काढतो. यझ्दचे बादगीर टाकतो.

भटक्या_चिपळूण
बादगीर म्हणजे?

सागरवाट
वारा घरात उतरवणारे मनोरे.

जुना_कंपोझिटर
प्रतींचं राहिलं. 200-300 पर्यंत डिजिटल परवडतं, 500 च्या पुढे ऑफसेट. मजकुराला 70 जीएसएम वजनाचा नॅचरल शेड (पिवळसर) कागद, रंगीत फोटो 16 पानांच्या एका फॉर्म्यात आर्ट पेपरवर एकत्र घ्या. पावसाळ्यात किनाऱ्याला कागद ओल धरतो, तेव्हा गठ्ठे जमिनीवर नकोत, भिंतीला टेकवूनही नकोत. नकाशात भारताची सीमा येत असेल तर ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी. चुकीची छापणं गुन्हा आहे.

सागरवाट
पीडीएफ पाठवली, जोडाक्षरं नीट आली! नकाशात फक्त इराण ठेवतो. आता पोस्टाने पाठवायला स्वस्त काय?

ग्रंथपाल_ताई
'ज्ञान पोस्ट', पुस्तकांसाठीची पोस्टाची सेवा, मे 2025 पासून सुरू आहे. तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते पोस्टमास्तरांना विचारा. पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि पाकिटात जाहिरातीचा कागद घालायचा नाही.

नाखवा७२
मेवण्याक इचारलंय. पीडीएफ चालता म्हणता. येतास?