मदत हवी आहे: २०११ ची सँट्रो घाटात तापते. थर्मोस्टॅट काढू, हेड उघडू, की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

गाडी ह्युंदाई सँट्रो झिंग, २०११ ची, पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात आहे. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते आणि आई पेठला, त्यामुळे गाडीचा खरा कस पेठ रोडवर लागतो. सावळघाट, कोटंबी घाट, पावसाळ्यात धुकं. शहरात एरवी बाजार आणि ऑफिस, बाकी काही नाही.

आता अडचण सांगते. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा निम्म्याच्या जरा खाली असतो, हलत नाही. एसी लावून घाट चढायला लागलं की हळूहळू निम्म्याच्या वर सरकतो. एसी बंद केला की थोड्या वेळात खाली येतो. लाल पट्टीपर्यंत अजून एकदाही गेलेला नाही. पण बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत राहतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी वर टाकावं लागतं. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिला, सकाळी कोरडाच. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, दुधाळ नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

दोन गॅरेजांत दाखवली. पहिल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, "थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागतच नाही." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) दुसरा म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवून लेथवर फेसिंग करावं लागेल, आणि उघडलंच आहे तर पिस्टनच्या रिंगाही टाकून घ्या. तपासणी दोघांनीही केली नाही. मागच्या सर्व्हिसला तिसऱ्याच एका गॅरेजमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी भरलं होतं, तेव्हापासून डब्यातलं पाणी तांबूस दिसतं.

गाडी विकायची नाही. विकून जे येईल त्यात नव्या गाडीचा रोड टॅक्स आणि विमाही भागणार नाही, आणि या गाडीचा आवाज मला कळतो, कुठे काय बदललंय ते लगेच जाणवतं. पंधरा वर्षं पूर्ण होत आहेत, पासिंग (आरटीओतली नोंदणी) पुन्हा करून पुढची पाच वर्षं ती भरवशाने चालवायची आहे. आईला रात्री-अपरात्री घेऊन यायची वेळ येऊ शकते, आणि घाटात गाडी बंद पडली तर मदत लवकर पोचत नाही. म्हणून विचारते:

कूलंट नेमकं कुठे जातंय हे हेड न उघडता शोधता येईल का? आणि साधारण चाळीस हजार रुपये हाताशी असतील तर आधी काय करावं, काय मागे ठेवलं तरी चालेल? टायर, शॉकअप्स, टायमिंग बेल्ट, क्लच, सगळेच आपापली यादी देतात.

सातपूरकर:

ताई, हेडला हात लावू देऊ नका. थर्मोस्टॅटही काढू नका. इंजिन तापल्यावर चांगला थर्मोस्टॅट आपोआप पूर्ण उघडतो, म्हणजे घाटात तो असला काय नि नसला काय, पाणी तेवढंच फिरतं. काढून टाकल्याचा फायदा तो अडकला असेल तरच, आणि अडकला असेल तर नवा बसवायचा. तो नसला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन थंड आहे, म्हणून ते जास्त पेट्रोल सोडतं. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. "आपल्या हवेत लागत नाही" हे नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी तर अजिबात खरं नाही.

तपासणी या क्रमाने करा. पहिलं रेडिएटरचं झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि कूलंट निघून जातं. वस्तू स्वस्त आहे, जुनं असेल तर सरळ बदला.

मग प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि इंजिन थंड असताना तसंच सोडायचं. काटा पडला तर गळती आहे. टॉर्च घेऊन वॉटर पंपाखालचं छोटं भोक, होज पाइपांची टोकं, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, सगळं बघायचं. डॅशबोर्डखालचं मॅट हाताने दाबून पाहा. ओलसर लागलं, आतून काच धुरकट होत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डखालचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

हेड गॅस्केटचा संशय उरलाच तर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची टेस्ट करता येते. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. प्लगही काढून पाहा, एकच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. एवढं करायला जो तयार नाही त्याला हेड उघडायचा अधिकार नाही.

आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. कोणी कितीही घाई केली तरी.

गंगापूर रोड:

खर्चाच्या क्रमाबद्दल माझं मत. तुम्ही घाटातल्या आहात, म्हणून कूलिंगनंतर लगेच ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि बहुतेक गाड्यांत ते कधीच बदललेलं नसतं. पॅड, मागचे लायनर आणि चाकांजवळचे रबरी ब्रेक होज त्याच वेळी पाहून घ्या.

त्यानंतर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. सँट्रोच्या या इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे. बदलल्याची पावती हातात नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. रबर किलोमीटरवर झिजतं तसंच वर्षांनीही कडक होतं. बेल्टसोबत टेन्शनर नवा घ्या आणि कॅम-क्रँकची ऑइल सील तेव्हाच टाका, नाहीतर त्याच कामाची मजुरी पुन्हा द्यावी लागते.

टायरला नक्षी किती उरलीय यासोबत वयही पाहा. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. शॉकअप्स गळत नसतील तर थांबू शकतात, पण लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हलत असतील तर थांबायचं नाही. क्लच घाटात स्लिप होत नसेल तर राहू द्या. सीट कव्हर, डेंटिंग-पेंटिंग सगळ्यात शेवटी.

एक जास्तीचं: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०११ चे रबरी पेट्रोल पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो का पाहा. पाइपांना भेगा दिसल्या तर बदलून टाका, तिथे काटकसर नको.

पंचवटीकर:

पासिंगचं सांगतो. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५. कारसाठी फी ५,००० रुपये, ग्रीन टॅक्स वेगळा. गाडी पेठ रोडच्या आरटीओत दाखवावी लागते. पीयूसी आणि विमा चालू हवा, नव्या पद्धतीची नंबर प्लेट बसवलेली हवी. चॅसिस नंबर कुठे कोरलाय ते आधीच शोधून ब्रशने साफ करून ठेवा, गंज आणि ग्रीसखाली आकडे दिसले नाहीत की हेलपाटा पडतो. आणि तपासणीला जाण्याआधी सगळे दिवे, वायपर, हॉर्न, हँडब्रेक घरीच पाहून घ्या.

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. सातपूरकर दादा, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केलं. प्रेशर टेस्ट करून देणारं गॅरेज अंबडला मिळालं. दाब भरल्यावर काटा हळूहळू पडायला लागला. रेडिएटरच्या फॅनकडच्या बाजूला, प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे पट्टीने दाबून बसवलेली असते, तिथे पांढरट-हिरवा सुकलेला डाग होता. टॉर्च धरून पाहत असताना त्याच्यावर एक बारीक थेंब आला. चालत्या गाडीत एवढंसं पाणी गरम जाळीवरच सुकून जातं आणि उरलेलं फॅन उडवतो, म्हणून पुठ्ठा कोरडा. निळ्या द्रवाची टेस्टही केली, रंग निळाच राहिला. हेड बंदच राहणार.

आता प्रश्न: तिथला माणूस म्हणतो एम-सील लावून चालवता येईल, किंवा गळती बंद करणारी पावडर टाकू. नवा रेडिएटरच घ्यावा का? सोबत आणखी काय बदलू?

सातपूरकर:

नवाच घ्या. दाब आणि उष्णतेत तो जोड पुन्हा सुटणार, आणि सुटला तर घाटातच सुटणार. पावडर तर नकोच, ती गळतीबरोबर हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बंद करते. पाणी तांबूस आहे म्हणजे आत गंज आणि क्षार बसलेत, घाटात काटा वर जाण्यात त्याचाही हात असणार. नवा रेडिएटर लावण्याआधी इंजिनातलं जुनं पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करून घ्या, नाहीतर तो गाळ नव्यात जाईल.

सोबत वरचा-खालचा होज पाइप, हीटरचे दोन्ही पाइप, सगळे क्लॅम्प, झाकण आणि थर्मोस्टॅट त्याच्या पॅकिंगसह. कूलंट ॲल्युमिनियमला चालणारं, इथिलीन ग्लायकॉलचं. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको.

भरताना हवा अडकते, तेव्हा इंजिन थंड असतानाच झाकण काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि मग गाडी चालू करा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत बुडबुडे निघत राहतील, पातळी खाली जाईल तसं भरत राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पुन्हा पातळी पाहा. पहिल्यांदा घाटात जाल तेव्हा एसी लावून चढा आणि काटा कुठे थांबतो ते इथे कळवा.